गप्प बसायचे तासाला पावणेदोन लाख डॉलर: ‘मार्जिन कॉल’मधली एक रात्र आणि ठाण्यातला मार्च महिना

‘मार्जिन कॉल’ हा २०११ चा सिनेमा ज्यांनी बघितलाय त्यांच्यातल्या बहुतेकांना त्यातली पहाटेची मीटिंग लक्षात राहते. हेलिकॉप्टरने येणारा जेरेमी आयर्न्स, लांबलचक टेबल, काचेपलीकडे न्यूयॉर्कचे दिवे आणि कंपनीतला सगळ्यात मोठा साहेब एका पोराला सांगतो की बाबा, मला सोप्या भाषेत समजव. सीन जबरदस्त आहे, वादच नाही. पण प्रकरण म्हणून सिनेमा अभ्यासायला घेतला की लक्षात येतं, मीटिंगमध्ये फक्त निर्णय होतो. खरी गोष्ट घडते ती त्यानंतर काही तासांनी, बाजार उघडल्यावर ट्रेडिंग फ्लोअरवरची माणसं आपल्या जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन लावायला लागतात तेव्हा.

आम्ही ठाण्यात काही जण अधूनमधून असं एखादं प्रकरण घेऊन बसतो, कधी खरं, कधी सिनेमातलं. नौपाड्यातल्या एका सोसायटीचा हॉल मिळतो, प्रोजेक्टर कोणाच्या तरी ऑफिसचा येतो. निम्मे लोक ऐरोली, घणसोली, वागळे इस्टेट इथे परदेशी बँकांच्या बॅक ऑफिसात काम करणारे, मी त्यातलाच, रिस्क रिपोर्टिंगमध्ये. बाकीचे रिटायर्ड, त्यात एक काका सरकारी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आणि एक मुलगी सध्या एका खासगी बँकेच्या ठाण्यातल्याच ब्रँचमध्ये आरएम आहे, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजर. या सिनेमावर आमची चर्चा ठरलेल्या वेळेच्या कितीतरी पुढे गेली आणि तरी संपली नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

आधी घटना सांगतो. सिनेमातल्या कंपनीला नाव नाहीये, न्यूयॉर्कमधली एक मोठी इन्व्हेस्टमेंट बँक, साल २००८. सकाळी बाहेरून आणलेल्या एचआरच्या बायका येतात आणि माणसं कमी करायला लागतात. रिस्क विभागाचा प्रमुख एरिक डेल, त्यालाही काढतात. त्याचा कंपनीचा फोन तो इमारतीबाहेर पडेपर्यंत बंद झालेला असतो. जाताना तो लिफ्टपाशी आपल्या हाताखालच्या पीटर सलिव्हनला एक पेन ड्राइव्ह देतो, म्हणतो हे बघ आणि सांभाळून. पीटर मूळचा रॉकेटच्या इंजिनांवर पीएचडी केलेला पोरगा, पगार जास्त म्हणून इकडे आलेला. बाकीचे बारमध्ये गेलेत, हा एकटा बसून एरिकचं अर्धवट राहिलेलं मॉडेल पूर्ण करतो आणि स्क्रीनकडे बघतच राहतो.

त्याला काय दिसतं? कंपनी घरकर्जांची पुडकी बांधून विकते. पुडकं बांधायला वेळ लागतो, साधारण महिनाभर, आणि तेवढा काळ माल कंपनीच्याच पुस्तकात पडून राहतो, तोही बहुतेक उधारीच्या पैशावर. मॉडेलने बाजाराच्या चढउताराच्या ज्या मर्यादा धरल्या होत्या त्या गेल्या काही दिवसांत पुन्हा पुन्हा ओलांडल्या गेल्यात. आणि या मालाचा भाव फक्त २५ टक्के पडला आणि माल आपल्याकडेच राहिला, तर तोटा अख्ख्या कंपनीच्या बाजारमूल्यापेक्षा मोठा होतो. उधारीचा हिशोब ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो, तेव्हा लेहमन ब्रदर्ससारख्या बँकेत स्वतःच्या एका डॉलरमागे साधारण ३० डॉलरचा माल उभा होता, म्हणजे एकूण मालाचा भाव तीन-साडेतीन टक्के घसरला की स्वतःचं भांडवल साफ.

मग रात्रभर एक साखळी चालते. पीटर आपल्या सहकाऱ्याला बोलावतो, तो त्यांच्या बॉसला, विल इमर्सनला, तो ट्रेडिंग फ्लोअरचा प्रमुख सॅम रॉजर्सला, सॅम त्याच्या वरच्या जॅरेड कोहेनला, मग अख्ख्या कंपनीच्या रिस्कची मुख्य सारा रॉबर्टसन, आणि पहाटे सगळ्यात वरचा जॉन टल्ड, म्हणजे तोच हेलिकॉप्टरवाला जेरेमी आयर्न्स. निर्णय होतो की सकाळी बाजार उघडला की सगळा माल विकायचा, एका दिवसात, कोणाला पत्ता लागायच्या आत, मिळेल त्या भावाला. सॅम विरोध करतो, आपल्याला माहितीये की याला किंमत नाही आणि ते आपण लोकांच्या गळ्यात मारतोय. टल्डचं म्हणणं, घेणारा स्वतःच्या मर्जीने घेतोय आणि चालू बाजारभावाने घेतोय. सॅम शेवटी मान तुकवतो. दुपारपर्यंत भाव धडाधड कोसळतो, पण माल निघतो. कंपनी वाचते.

आता इथून पुढे मला जरा सावकाश जायचंय, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि सिनेमा बघताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो.

ज्याला मर्यादा म्हणतात ती आमच्याकडे लिमिट. एखाद्या डेस्कने, म्हणजे खरेदी-विक्री करणाऱ्या टीमने, किती जोखीम घ्यायची याचा आकडा ठरलेला असतो, त्यातला एक म्हणजे व्हॅल्यू अॅट रिस्क, व्हार. शंभरातल्या ९५ किंवा ९९ दिवशी तोटा यापेक्षा जास्त होणार नाही, असा तो आकडा. उरलेल्या पाच किंवा एका दिवशी किती होईल याबद्दल तो काहीच बोलत नाही, आणि माणसं बुडतात ती नेमकी त्याच दिवशी. लिमिट ओलांडलं की ब्रीच. ऐरोलीत रात्री आठ-नऊच्या सुमाराला, न्यूयॉर्कची सकाळ चालू असताना, आमच्यासारख्या कुठल्यातरी टीमचा एक पोरगा रिपोर्ट चालवतो, लाल रंगाची एक ओळ येते, तो मेल टाकतो, सीसीमध्ये आठ-दहा जण. पलीकडून उत्तर येतं, त्यात बऱ्याचदा कारण असतं आणि तात्पुरतं लिमिट वाढवून दिल्याची मंजुरी असते. ओळ हिरवी होते. पोरगा कॅब पकडून घरी. यात नियमबाह्य काहीच नाही हे मुद्दाम सांगतो, लिमिट वाढवायचा अधिकार कोणाकडे तरी असतोच. पण हिरवी झालेली ओळ म्हणजे जोखीम कमी झाली असं अजिबात नाही, हे आमच्यातल्या नव्या पोरांना कोणी बसवून सांगत नाही.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं त्याचं खरं उदाहरण आहे. २०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्या लंडनच्या एका विभागात ६.२ अब्ज डॉलरचा तोटा झाला, लंडन व्हेल म्हणून गाजलेलं प्रकरण. अमेरिकी सिनेटच्या समितीने मार्च २०१३ मध्ये अहवाल दिला त्यात आलंय की त्या वर्षीच्या पहिल्या चार महिन्यांत जोखमीच्या वेगवेगळ्या मर्यादा मिळून ३३० पेक्षा जास्त वेळा ओलांडल्या गेल्या होत्या. तीनशे तीस! आणि जानेवारीत त्यांनी व्हारचं मॉडेलच बदललं, ज्याने आकडा एका फटक्यात जवळपास निम्मा झाला. ते नवीन मॉडेल एक्सेलच्या शीटवर हाताने कॉपी-पेस्ट करून चालत होतं आणि त्यात सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं जात होतं. म्हणजे ज्या काट्यावर वजन करायचं तो काटाच हलका केला. आमच्या ग्रुपमध्ये हे सांगितलं तेव्हा रिटायर्ड काका म्हणाले, "अरे, मग तुम्ही पोरं तिथे बसून करता काय?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं की मेल टाकतो.

एरिक डेलनेही तेच केलं होतं. सिनेमा हळूहळू उघड करतो की ही गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा कळलेली नव्हती. साराला आधी सांगितलं गेलं होतं, तिने वर घातलं होतं, वरच्यांनी ऐकून सोडून दिलं होतं कारण तेव्हा त्याच मालावर बक्कळ पैसा येत होता. म्हणून मला पीटरला हीरो म्हणणं पटत नाही. तो हुशार आहे, प्रामाणिक आहे, पण त्याने शोध लावला असं नाही, जे माहीत होतं त्याचा हिशोब त्याने पूर्ण केला. नवीन एवढंच झालं की आता तोटा साहेबांच्या खुर्चीपर्यंत पोचत होता, आणि मग जी गोष्ट वर्षभर कोणाला ऐकायला वेळ नव्हता ती एका रात्रीत सहा पायऱ्या चढून हेलिकॉप्टरपर्यंत गेली.

आणि उतरताना? माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. वर जाताना ही गोष्ट माहिती म्हणून गेली, खाली येताना टार्गेट म्हणून आली. सकाळी सॅम ट्रेडर्सना गोळा करून सांगतो, आपल्याकडचा ९३ टक्के माल विकलात तर प्रत्येकाला १४ लाख डॉलर, आणि अख्ख्या फ्लोअरने ९३ टक्के गाठले तर वर आणखी १३ लाख, माणशी. हेही सांगतो की यानंतर या गिऱ्हाइकांशी तुमचं नातं संपणार आहे, कदाचित करिअरसुद्धा. तो आकडा ऐकून हॉलमध्ये कोणीतरी शिट्टी मारली, पण नीट बघा, तो बोनस कामाचा नाहीये. दहा-पंधरा वर्षं ज्याने तुमच्या शब्दावर माल घेतला त्या माणसाला एकदाच, शेवटचं फसवायचं, त्या विश्वासाची ती किंमत आहे, एकरकमी. दुसऱ्या बाजूला एरिक डेलला परत पकडून आणतात, त्याने बाहेर कोणाशी बोलू नये म्हणून एका खोलीत दिवसभर नुसतं बसवतात, तासाला पावणेदोन लाख डॉलर देऊन. साराही त्याच खोलीत, कारण दोष तिच्यावर टाकायचं ठरलंय. म्हणजे कंपनी त्या दिवशी दोनच गोष्टींना पैसे मोजते, बोलणाऱ्याने बोलू नये यासाठी आणि विकणाऱ्याने विकत राहावं यासाठी. लोभ लोभ म्हणतात तो मला टल्डच्या चेहऱ्यापेक्षा या पगारपत्रकात जास्त स्पष्ट दिसतो.

एरिक डेलचा एक सीन मला फार लागतो. घराच्या पायऱ्यांवर बसून तो सांगतो की पूर्वी मी इंजिनिअर होतो, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या मध्ये एक पूल बांधला होता, आणि मग तोंडी हिशोब करत जातो, रोज किती गाड्या, किती मैल वाचले, किती वर्षांत, आणि शेवटी येतो की त्या एका पुलाने लोकांची गाडीत जाणारी १५३१ वर्षं वाचवली. ऐरोलीच्या पुलावरून रोज जाणारे आमचे चार-पाच जण त्या सीननंतर एकदम गप्प. आमच्यातही मेकॅनिकल, सिव्हिल करून बँकेच्या आकड्यांत आलेले कितीतरी आहेत, कॅम्पसमधून सरळ. मी कोणाला दोष देत नाहीये, घराचे हप्ते असतात. पण तो हिशोब प्रत्येकाने आपापल्या कामाचा एकदा करून बघावा असं मला मनापासून वाटतं.

सिनेमाचा लेखक-दिग्दर्शक जे. सी. चँडॉर, त्याचा हा पहिलाच मोठा सिनेमा, वडील अनेक वर्षं मेरिल लिंचमध्ये नोकरीला. त्यामुळे त्यातली माणसं बोलतात ती ऑफिसातल्यासारखी बोलतात. मूळ पटकथेसाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. असो.

प्रत्यक्षात असं घडतं का, हा प्रश्न आलाच. घडलेलं आहे. गोल्डमन सॅक्सने २००७ मध्ये अॅबॅकस नावाचं एक घरकर्जांचं पुडकं विकलं, त्यातली कर्जं निवडण्यात अशा एका फंडाचा हात होता जो ती बुडतील यावर पैसे लावून बसला होता, आणि घेणाऱ्यांना हे सांगितलं गेलं नव्हतं. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकी नियामकाने खटला भरला, जुलैमध्ये गोल्डमनने ५५ कोटी डॉलर भरून तो मिटवला आणि माहितीपत्रकात अपुरी माहिती दिली ही चूक होती एवढं मान्य केलं.

आणि आपल्याकडे? सगळ्यांना आठवत असेल, ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, खात्यातून जास्तीत जास्त ५०,००० रुपये काढायची मुभा. ते निर्बंध काही दिवसांत उठले, खातेदार सुटले. पण एटी-१ बॉंड घेतलेले सुटले नाहीत. ८,४१५ कोटींचे बॉंड शून्य करून टाकले. हे बॉंड म्हणजे परतफेडीची तारीख नसलेलं कर्ज, बँक अडचणीत आली तर व्याज थांबू शकतं, आणि अगदीच बुडायला आली तर मुद्दलही खोडून टाकता येतं, तशी अटच असते. मोठ्या संस्थांनी समजून उमजून घ्यायचा माल. पण सेबीच्या, म्हणजे शेअर-बॉंड बाजाराच्या नियामकाच्या, एप्रिल २०२१ च्या आदेशात काय आलं बघा, बँकेने हे बॉंड तेराशेच्या वर साध्या माणसांना विकले होते, त्यातले बहुतेक बँकेचेच खातेदार, ‘सुपर एफडी’ म्हणून विकले, आणि २७७ जणांनी तर चालू एफडी मुदतीआधी मोडून साधारण ८० कोटी रुपये यात टाकले. सेबीने बँकेला २५ कोटींचा दंड केला, बँक त्याविरुद्ध अपिलात गेली. त्याआधीच ऑक्टोबर २०२० मध्ये सेबीने नियम केला होता की हे बॉंड नव्याने विकताना फक्त मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांनाच द्यायचे आणि व्यवहार किमान एक कोटीचा. म्हणजे साध्या माणसाला दार बंद, पण जे आधीच आत शिरले होते त्यांचं काय ते कोर्टात.

एफडी मोडायला लावली, हे वाचून माझ्या अंगावर येतं. कारण आपल्या घरांतली एफडी म्हणजे काय हे आपल्याला माहितीये. कंपनी बंद पडल्यावर मिळालेले पैसे, पीएफ, गावची जमीन विकून आलेले, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले. ती मोडायची तर माणूस घरात चार वेळा विचारतो. आणि बँकेतली ओळखीची व्यक्ती म्हणाली की काका, तेच आहे, फक्त व्याज जास्त, तर मात्र विचारत नाही.

इथे आमच्यातल्या एकांनी त्यांच्या घरातलंच प्रकरण सांगितलं, बँकेचं नाव मी लिहीत नाही. त्यांचे वडील वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त, वय ७१. मार्च महिन्यात एफडी रिन्यू करायला ब्रँचमध्ये गेले. तिथे त्यांना आत बसवलं, चहा दिला, आणि येताना ते एफडीची पावती न आणता एक फाइल घेऊन आले. युलिप. बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी, दरवर्षी हप्ता, पाच वर्षं पैसे अडकलेले. त्या फाइलची झेरॉक्स त्यांनी आम्हाला दाखवली आणि मी ती बराच वेळ बघत होतो. जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली मारलेली. सह्या निळ्या पेनने, थरथरत्या, एक तर रेघेच्या बाहेर गेलेली. आणि बाकी सगळा मजकूर दुसऱ्या हाताचा, काळ्या पेनचा, सफाईदार. त्यात एक रकाना जोखीम घेण्याची तयारी किती. पर्याय तीन. ७१ वर्षांच्या, पेन्शन नसलेल्या माणसापुढे टिक होती ‘आक्रमक’वर. खाली उत्पन्नाचा आकडा होता, तो त्यांनी आयुष्यात कधी कमावलेला नव्हता.

नशिबाने सुनेने फाइल उघडली. पॉलिसी हातात पडल्यापासून ठराविक दिवसांत ती परत करता येते, फ्री लुक म्हणतात त्याला, तेव्हा १५ दिवस होते, २०२४ पासून ३० झालेत. तिने लेखी अर्ज दिला, पोच घेतली, ब्रँचमधून चार फोन आले की कशाला घाई करताय, तिने ऐकलं नाही, किरकोळ रक्कम कापून पैसे परत आले. ते दिवस निघून गेले असते तर मग बँकेकडे तक्रार, तीस दिवसांत समाधान नाही झालं तर लोकपालाकडे, असा लांबचा रस्ता होता. सोय आहे, पण ७१ व्या वर्षी तो रस्ता चालणं सोपं नाही.

आता आरएम मुलगी. ती आतापर्यंत गप्प होती. काका तिला म्हणाले, "अगं, आमच्या वेळी असं नव्हतं. गिऱ्हाइकाला फसवायचं आमच्या मनातसुद्धा यायचं नाही." ती म्हणाली, "काका, तुमच्या वेळी ब्रँचला डिपॉझिटचं टार्गेट असायचं. गिऱ्हाइकाने पैसे बँकेत ठेवले की तुमचं आणि त्याचं दोघांचं भलं. आता माझं टार्गेट आहे की ते पैसे तिथून काढून दुसरीकडे लावायचे. मी काय मनाने वाईट आहे का?" मग तिने सांगितलं की विमा कंपनीने बँकेच्या कर्मचाऱ्याला थेट इन्सेन्टिव्ह द्यायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे आणि तिच्या बँकेत ती पाळलीही जाते. पण बँकेचं स्वतःचं टार्गेट असतं, सकाळी नऊला हडल म्हणजे छोटी मीटिंग, संध्याकाळी सहाला रिव्ह्यू कॉल, शंभर जणांच्या ग्रुपवर नावानिशी यादी पडते, कोणाचा शून्य आहे ते सगळ्यांना दिसतं. मार्चमध्ये शून्य असलेल्या माणसाची एप्रिलमध्ये बदली कुठे होईल सांगता येत नाही.

आणि मग ती जे बोलली ते मला सिनेमापेक्षाही मोठं वाटलं. ती म्हणाली, त्या सिनेमातल्या ट्रेडर्सना निदान सांगितलं तरी की माल खराब आहे, आम्हाला तेही सांगत नाहीत, आम्हाला एक पीडीएफ येते, त्यात गिऱ्हाइकाने काय विचारलं तर काय बोलायचं ते लिहिलेलं असतं, आणि आम्ही पण ते खरं धरूनच बोलतो. मी तर पहिल्याच वर्षी हेच प्रॉडक्ट माझ्या आईच्या नावाने घेतलं होतं.

हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. सिनेमात फोनच्या पलीकडचा माणूस एकदाही दिसत नाही, फक्त आवाज, तोही अर्धवट. आपल्या ठाण्यात, कळव्यात, वाशीत तो दिसतो, कारण तो आपल्याच घरात बसलेला असतो. एकाच घरात मुलगी बँकेतून फोन करणारी आणि वडील दुसऱ्या बँकेचा फोन उचलणारे. दोघांना एकमेकांचं काम माहीत नसतं असंही नाही, जेवताना त्यावर बोलणं होत नाही एवढंच.

शेवटी आम्ही प्रकरणाचा ठरलेला प्रश्न घेतला, सॅम रॉजर्सच्या जागी तुम्ही असता तर पहाटे काय केलं असतं. काकांचं म्हणणं, विकलं असतं. बँक बुडाली तर ठेवीदार, कर्मचारी, त्यांची पेन्शन सगळंच जातं, मॅनेजरचं पहिलं काम बँक उभी ठेवायची. त्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही, १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन बुडाली त्यानंतर जगभर काय झालं ते बघितलंय सगळ्यांनी. ऐरोलीच्या एका मित्राचं म्हणणं, सरळ नियामकाकडे जायचं, मार्च २००८ मध्ये बेअर स्टर्न्स ही बँक बुडायला आली तेव्हा फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेने, मध्ये पडून ती जेपी मॉर्गनच्या पदरात घातलीच होती, आधी शेअरला २ डॉलर, मग १०. म्हणजे दार होतं. फक्त त्या दारातून गेलं की टल्डसारख्यांचे शेअर मातीमोल होतात, म्हणून ते दार त्या टेबलावर कोणी गंभीरपणे बोलूनही दाखवत नाही, आणि मला वाटतं सिनेमातली सगळ्यात भयंकर गोष्ट ही आहे की कोणाच्या डोक्यातच ते येत नाही.

माझं मत मी तिथेही मांडलं, इथेही मांडतो. विकणं हा गुन्हा मी म्हणणार नाही, पडत्या बाजारात प्रत्येक जण विकतोच. पण ९३ टक्क्यांची अट आणि त्यावरचा बोनस, ती सही मी केली नसती. कारण ती अट नसती तर त्या फ्लोअरवरचा एखादा तरी माणूस फोनवर क्षणभर थांबला असता, जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं असतं की काय रे, काय चाललंय, आणि याने खरं सांगितलं असतं किंवा निदान फोन ठेवला असता. ती शक्यताच राहू नये म्हणून तो आकडा इतका मोठा ठेवलेला आहे. आरएम मुलगी लगेच म्हणाली की मग आमची ग्रुपवरची यादी म्हणजे तेच की, आम्हाला १४ लाख डॉलर मिळत नाहीत, बदलीची भीती मिळते, काम तेवढंच होतं. यावर मला काही उत्तर सुचलं नाही, कारण ती बरोबर होती.

सॅमही शेवटी नोकरी सोडत नाही, पैशाची गरज आहे म्हणतो आणि थांबतो. पीटरला बढती मिळते. ज्या पोराने त्या रात्री पीटरबरोबर गाडीतून एरिकला शोधत शहर पालथं घातलं, त्याची नोकरी जाते.

आमच्या आरएम मुलीने आता एक गोष्ट सुरू केलीये. जोखमीचा तो रकाना गिऱ्हाइकाला स्वतःच्या हाताने भरायला लावते, आणि साठच्या वरचा माणूस असेल तर मुलाला, सुनेला, कोणालातरी घेऊन उद्या या म्हणते. त्यातले निम्मे परत येत नाहीत, असं तीच सांगते. तिच्या ब्रँच मॅनेजरने दोनदा विचारलं की तुझं कन्व्हर्जन, म्हणजे आलेल्या गिऱ्हाइकांतून होणारी विक्री, का पडलंय. तिने त्यांना पुढच्या वेळी आमच्या हॉलवर यायचं आमंत्रण दिलंय, ते येतो म्हणालेत, पण तारीख मार्चनंतरची असेल तरच. आम्ही एप्रिलचा दुसरा शनिवार धरलाय.